कौशल्य दिसायला किती डाव लागतात?

जुगारावरचा लेख शिक्षकांच्या मासिकात पाहून काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल. पण संभाव्यतेच्या गणिताचा जन्मच मुळी जुगाऱ्यांच्या एका भांडणातून झाला. डाव अर्ध्यावर मोडला, तर मांडलेली रक्कम दोघांत कशी वाटायची, या प्रश्नावर १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांनी एकमेकांना पत्रे लिहिली आणि त्या पत्रांतून एक नवे शास्त्र उभे राहिले. आज आपण नववी-दहावीच्या वर्गात फाशांची आणि पत्त्यांची जी उदाहरणे सोडवून घेतो, ती त्याच घराण्यातली आहेत.

शाळा-महाविद्यालयांत संभाव्यतेवर बोलायला गेलो, की शेवटी मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो. "सर, पोकर हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोबाइलवरच्या जाहिराती असतात आणि 'कौशल्याचा' एवढाच शब्द त्याला आमच्या तोंडून ऐकायचा असतो. प्रश्न वरवर सोपा वाटतो, पण याच प्रश्नावर आपल्या देशात न्यायालयांचे निकाल झाले आहेत आणि अनेक घरांतले पैसेही गेले आहेत. आमचे उत्तर मात्र 'हे' किंवा 'ते' असे नसते. आम्ही उलट विचारतो, "किती डावांनंतर?" हा लेख म्हणजे त्या उलट-प्रश्नाचा खुलासा आहे.

आमच्याजवळ या विषयाचा थोडा प्रत्यक्ष अनुभवही आहे. अमेरिकेत संशोधनासाठी होतो, त्या काळात आम्ही हा खेळ हौसेने खेळलो. कधी एखाद्या परिषदेला जोडून लास व्हेगासच्या कॅसिनोत, सर्वांत स्वस्त टेबलावर, तर कधी घरी संगणकावर, जिथे एक आणि दोन सेंटचीही टेबले असत. सिनेमात दिसतात तशी बॅगभर पैसे घेऊन येणारी माणसे या टेबलांवर नसतात. निवृत्त पोस्टमन, रात्रपाळी संपवून आलेला वाढपी, सुट्टीवर आलेले जोडपे आणि आमच्यासारखे एक-दोन संशोधक, अशी मंडळी असतात.

खेळ थोडक्यात असा. 'टेक्सास होल्डेम' या सर्वांत प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात. मग टेबलाच्या मध्ये सर्वांसाठी सामाईक पाच पाने उघडली जातात. आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. आपली दोन आणि मधली पाच अशा सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, तो जिंकला. पाने वाटल्यावर एकदा आणि मधली पाने उघडताना तीनदा, अशी चार वेळा बोली होते. पटत नसेल त्याने पाने टाकून द्यावीत. वाटप सुरू होण्यापूर्वीच दोन भिडूंना ठरावीक रक्कम सक्तीने टाकावी लागते. त्यांना लहान ब्लाइंड आणि मोठा ब्लाइंड म्हणतात. स्वस्त टेबलावर ते एक आणि दोन डॉलर असतात. या लेखात पुढे आपण सगळा हिशोब 'मोठ्या ब्लाइंड'च्या मापात करू, म्हणजे डॉलर, सेंट आणि रुपये यांचा घोळ होणार नाही.

दिवाळीत किंवा गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळलेल्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. फरक दोन आहेत. इथे निम्म्याहून अधिक पाने सर्वांसमोर उघडी असतात आणि बोली टप्प्याटप्प्याने होते. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर नवी माहिती मिळते आणि निर्णय नव्याने घ्यावा लागतो. कौशल्य शिरते ते या फटीतून.

आता थोडी मोजणी. बावन्न पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारे निवडता येतात. त्यांत एकसारख्या दोन पानांची जोडी ७८ प्रकारांनी येते, म्हणजे सतरा डावांत सरासरी एकदा. दोन एक्के येण्याचे प्रकार फक्त सहा, म्हणजे २२१ डावांत एकदा. कॅसिनोत पत्ते पिसणारा आणि वाटणारा माणूस असतो आणि तासाला साधारण तीस डाव होतात. तेव्हा हातात दोन एक्के यायला सरासरी सात तासांहून अधिक वाट पाहावी लागते. आणि ते आल्यावर समोरच्याकडे दोन राजे निघाले, दोघांनी सगळे पैसे आत लोटले, तरी पाचांतून जवळजवळ एकदा राजेच जिंकतात! सात तास थांबून आलेले एक्के असे हरले, की माणसाचा तोल कसा जातो, हे टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही. इंग्रजीत याला 'टिल्ट' असा खास शब्द आहे. पुढचा तासभर तो माणूस गणित विसरून खेळतो.

कोणता हात भारी, याचा क्रम कसा ठरला? जो दुर्मीळ तो भारी. पाच पानांचे एकूण २५,९८,९६० हात होतात. त्यांत पाचही पाने एकाच रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक, पण ओळीने नसलेली, असे ५,१०८ हात आहेत. ओळीची पाच पाने, पण वेगवेगळ्या रंगांची, असे १०,२०० हात आहेत. म्हणून पोकरमध्ये 'कलर' हा 'सिक्वेन्स'पेक्षा भारी. तीन पत्तीत याच्या उलट आहे. तिथे सिक्वेन्स भारी. ही काही खेळणाऱ्यांची लहर नव्हे. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत कलरचे १,०९६ आणि सिक्वेन्सचे ७२० निघतात. पाने कमी केली, की दुर्मीळतेचा क्रम उलटतो! मुलांकडून ही मोजणी करून घेण्यासारखी आहे.

पण त्यातच एक गंमत दडलेली आहे. तीन पत्तीत सर्वांत भारी हात म्हणजे ट्रेल, तीन एक्के किंवा तीन दुऱ्र्या वगैरे. अशा ट्रेल ५२ होतात. त्याखालोखाल 'प्युअर सिक्वेन्स'. त्या मोजल्या तर एका रंगात बारा, चार रंगांत ४८. म्हणजे दुर्मीळ हात दुसऱ्या क्रमांकावर आणि त्याहून किंचित सोपा हात पहिल्या क्रमांकावर! पिढ्यान्‌पिढ्या लोक हा खेळ खेळत आले आहेत, पण चार हातांचा हा फरक खेळून कोणाच्या लक्षात येण्यासारखा नाही. तो कागदावर मोजावा लागतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. छोटा फरक अनुभवाने दिसत नाही, हेच आपल्याला पुढे सांगायचे आहे.

तर मग कौशल्य कशात आहे? एक उदाहरण घेऊ. हातात दोन बदाम आहेत, मध्ये उघडलेल्या चार पानांत आणखी दोन बदाम आहेत. शेवटचे पान बदाम आले तर आपण जिंकणार, नाहीतर हरणार, असे धरू. न पाहिलेली पाने ४६, त्यांत बदाम नऊ. मध्ये २० डॉलर जमले आहेत आणि समोरचा आणखी १० टाकतो. आपण १० द्यावेत का? नऊ वेळा आपण ३० जिंकू आणि ३७ वेळा १० हरू. ४६ वेळांचा हिशोब म्हणजे २७० वजा ३७०, शंभराचा तोटा. एका वेळेला सुमारे सव्वादोन डॉलर. तेव्हा पाने टाकावीत. पण समोरच्याने १० ऐवजी ५ च टाकले असते तर? नऊ वेळा २५, म्हणजे २२५, आणि ३७ वेळा ५, म्हणजे १८५. आता ४० चा फायदा. पाने तीच, संभाव्यता तीच, पण एकदा निर्णय 'सोडा' आणि एकदा 'खेळा'. हेच अपेक्षित मूल्य. जो हे पाळतो आणि जो बदामाच्या आशेवर प्रत्येक वेळी पैसे टाकतो, त्या दोघांत फरक आहे यात शंका नाही.

थापेबाजीचेही असेच गणित आहे. मध्ये २० डॉलर असताना शेवटच्या फेरीत आपण २० टाकले, तर समोरच्याला ४० मिळवण्यासाठी २० मोजावे लागतात. आपल्या अशा तीन चालींपैकी बरोबर एक जर थाप असेल, तर त्याने पैसे दिले काय आणि पाने टाकली काय, त्याच्या पदरी सारखेच पडते. थापा याहून जास्त झाल्या तर तो प्रत्येक वेळी पैसे देऊन आपल्याला पकडेल, कमी झाल्या तर निमूटपणे पाने टाकून आपला चांगला हात वाया घालवील. थाप मारणे हा स्वभावाचा किंवा चेहऱ्याचा प्रश्न नसून प्रमाणाचा प्रश्न आहे, हे जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाच्या कामातून पुढे आले. त्याचा १९२८ सालचा निबंध आणि १९४४ साली मॉर्गेनस्टर्नबरोबर लिहिलेला ग्रंथ यांतून खेळांचा सिद्धान्त जन्माला आला, आणि त्या ग्रंथात पोकरवर एक स्वतंत्र विभाग आहे.

म्हणजे कौशल्य आहे. आता ते दिसते केव्हा, हे पाहू. पण त्याआधी टेबलावरच्या एका न दिसणाऱ्या भिडूची ओळख करून घ्यायला हवी.

रूलेटच्या चक्रावर आपण कॅसिनोविरुद्ध खेळतो. अमेरिकन चक्रावर ३८ घरे असतात आणि पैसे दिले जातात ते ३६ घरे असल्यासारखे, म्हणून शंभर डॉलर लावले की सरासरी सव्वापाच कॅसिनोचे. पोकरमध्ये कॅसिनो खेळत नाही. भिडू एकमेकांचे पैसे जिंकतात. त्यामुळे 'इथे मालकाचा हात नाही, हुशार माणूस जिंकेल' असे वाटते. पण मालक प्रत्येक मोठ्या डावातून आपला कट काढून घेतो. त्याला 'रेक' म्हणतात. जमलेल्या रकमेचा दहावा हिस्सा, पण अमुक डॉलरांहून जास्त नाही, अशी पद्धत सर्रास आढळते. वाटप करणारा तेवढ्या चकत्या टेबलातल्या फटीतून खालच्या पेटीत टाकतो. टप्प असा आवाज येतो. कोणी तिकडे बघत नाही.

आपण बघू. लहान-मोठे सगळे डाव धरून दर डावाला सरासरी तीन डॉलर पेटीत जातात, असे धरू. तासाला तीस डाव म्हणजे नव्वद डॉलर. टेबलावर नऊ भिडू असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तासाला दहा डॉलर. नवे पैसे कोणी आणले नाहीत आणि प्रत्येक जण दोनशे डॉलर घेऊन बसला, तर टेबलावर एकूण १,८०० डॉलर आहेत. वीस तासांनी टेबलावर एकही डॉलर उरणार नाही. सगळे पेटीत! वाटप करणाऱ्याला जिंकणारा भिडू प्रत्येक वेळी एखादा डॉलर बक्षीस देतो, तो वेगळाच. मोठ्या ब्लाइंडच्या मापात सांगायचे, तर दर शंभर डावांमागे प्रत्येकाचे सुमारे सतरा ब्लाइंड जातात. तेव्हा बाकीच्यांच्या इतकेच चांगले खेळून भागत नाही. सतरा ब्लाइंडांनी सरस खेळावे, तेव्हा कुठे बरोबरी होते. स्वस्त टेबलावर हा भार जास्त जाणवतो, कारण कटाला डॉलरांत वरची मर्यादा असल्यामुळे मोठ्या रकमांच्या टेबलावर तो प्रमाणात हलका पडतो.

आता मुख्य मुद्दा. एक हौशी पण अभ्यासू भिडू घेऊ. कट वजा जाऊन तो शंभर डावांत सरासरी पाच ब्लाइंड कमावतो, असे धरू. ही सरासरी झाली. प्रत्यक्षात शंभर डावांत तो कधी दीडशे ब्लाइंड वर असतो, कधी शंभर खाली. या चढउताराचे माप म्हणजे प्रमाण विचलन. होल्डेमच्या या प्रकारात शंभर डावांचे प्रमाण विचलन ढोबळमानाने सत्तर ते शंभर ब्लाइंड असते. आपण नव्वद धरू. पाच मिळकत आणि नव्वदचा हेलकावा! समुद्राच्या लाटा मोजत बसलेल्या माणसाला भरती-ओहोटी ओळखायला सांगावी, तसे हे आहे.

डाव वाढले की मिळकत डावांच्या संख्येच्या पटीत वाढते आणि हेलकावा फक्त तिच्या वर्गमुळाच्या पटीत. म्हणून शेवटी मिळकत जिंकते. पण शेवट किती लांब आहे? महिन्यातून एक दिवस आठ तास खेळणारा माणूस वर्षाला सुमारे शंभर तास, म्हणजे तीन हजार डाव खेळतो. त्याची अपेक्षित मिळकत १५० ब्लाइंड. हेलकावा नव्वद गुणिले तीसचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४९३. यावरून हिशोब केला तर आपला हा अभ्यासू भिडू वर्षअखेर तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के निघते. आणि शंभर डावांत पाच ब्लाइंड हरणारा दुसरा एक भिडू घेतला, तर तो वर्षअखेर फायद्यात असण्याची शक्यताही तितकीच, ३८ टक्के! दोघे आपापल्या घरी जाऊन काय सांगतील? पहिला म्हणेल, हा खेळ आपला नव्हे. दुसरा म्हणेल, आपल्याला हे जमते. दोघांचाही निष्कर्ष चुकीचा आणि दोघांच्याही हातात पुरावा मात्र वर्षभराचा.

प्रयोगशाळेत आपण एखादा परिणाम खरा मानायला तो निदान दोन प्रमाण विचलनांइतका असावा, अशी अपेक्षा करतो. इथे ती लावली तर पाच गुणिले न = दोन गुणिले नव्वद गुणिले न चे वर्गमूळ, असे समीकरण मिळते. न चे वर्गमूळ ३६, म्हणून न १,२९६. न शंभर-शंभर डावांत आहे, तेव्हा डाव १,२९,६००. कॅसिनोत तासाला तीस डावांच्या वेगाने ४,३२० तास. आमच्या शंभर तासवाल्या भिडूला त्रेचाळीस वर्षे. तेवढ्यात तो आजोबा होईल आणि खेळाचे नियमही बदलतील. मिळकत दुप्पट असेल तर लागणारे डाव चौपटीने कमी होतात, म्हणून खरोखर निष्णात आणि रोज खेळणाऱ्या माणसाला आपली पात्रता काही वर्षांत कळू शकते. पण तो हौशी राहिलेला नसतो. त्याची ती नोकरीच असते, आणि नोकरी म्हणून ती फारशी सुखाची नाही.

एवढे डाव खरोखर लागतात का, अशी शंका येईल. याचा एक उत्तम दाखला संगणकशास्त्रात आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पोकर खेळणारा 'क्लॉडिको' हा प्रोग्रॅम बनवला. २०१५ साली पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत तो चार व्यावसायिक खेळाडूंशी ८०,००० डाव खेळला. माणसे एकूण सात लाखांहून अधिक चकत्यांनी पुढे राहिली. तरीही ९५ टक्के खात्रीने 'माणसे सरस' असे म्हणण्याइतका तो फरक नव्हता. म्हणून जानेवारी २०१७ मध्ये त्याचा नवा भाऊ 'लिब्रेटस' उतरवला तेव्हा डाव १,२०,००० ठेवले. वीस दिवस खेळ चालला. शिवाय एक युक्ती केली. एका खोलीत माणसाला जी पाने दिली, तीच दुसऱ्या खोलीत संगणकाला दिली आणि तिथल्या माणसाला उलट बाजूची. ब्रिजच्या स्पर्धांत असते तसे. त्यामुळे नशिबाचा बराच भाग परस्पर कटला. या वेळी लिब्रेटस शंभर डावांना सुमारे पंधरा ब्लाइंड या गतीने जिंकला आणि शंकेला जागा राहिली नाही. जगातल्या उत्तम खेळाडूंमध्ये कोण सरस हे ठरवायला एवढा खटाटोप लागतो. आपण मात्र शनिवारच्या एका रात्रीवरून स्वतःविषयी मत बनवतो!

संगणकावर खेळताना हे चित्र बदलते का? वेगापुरते बदलते. १९९८ च्या सुमारास इंटरनेटवर पैशांचे पोकर सुरू झाले. तिथे पत्ते पिसायला वेळ लागत नाही, तासाला एका टेबलावर साठ-सत्तर डाव होतात आणि एकाच वेळी चार टेबलांवर बसता येते. त्रेचाळीस वर्षांचे काम सुमारे पाचशे तासांत आटोपते. खरे म्हणजे एक-दोन सेंटच्या टेबलावर, आपला प्रत्येक डाव संगणकाने नोंदवलेला असताना, मोठ्या संख्यांचा नियम स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची ती एक स्वस्त प्रयोगशाळाच होती. आम्हाला गोडी लागली ती त्यामुळे. पण वेग दोन्हीकडे चालतो. हरणारा माणूसही आठ-नऊपट वेगाने हरतो, आणि चकत्यांचा टप्प आवाजही तिथे नसतो.

लोक मात्र तिथे मोठ्या संख्यांच्या नियमासाठी येत नव्हते. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीतला एक हिशोबनीस इंटरनेटवरच्या शंभराहून कमी डॉलरांच्या स्पर्धेतून पोकरच्या जागतिक स्पर्धेत पोहोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन त्याने पंचवीस लाख डॉलर जिंकले. तीन वर्षांनी, २००६ साली, त्याच स्पर्धेला ८,७७३ माणसे आली. ८३९ जणांत कोणीतरी एक पहिला येणारच होता, हा विचार त्यांतल्या किती जणांनी केला असेल? १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकन सरकारने मोठ्या पोकर कंपन्यांवर खटले भरले आणि तिथला तो बहर ओसरला.

आपल्याकडे कौशल्य आणि नशीब हा वाद कायद्यात फार पूर्वीपासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला आणि त्याच निकालात तीन पत्त्यांचा 'फ्लश' निव्वळ नशिबाचा म्हणून बाजूला काढला. पुढे पोकर कोणत्या बाजूला बसवायचे, यावर बराच खल झाला. इंटरनेटवरच्या कंपन्या 'कौशल्य' या शब्दाला घट्ट धरून होत्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्याने हा भेदच बाजूला सारला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो ऑनलाइन आणि पैसे लावून असेल तर त्यावर बंदी. त्याच महिन्यात देशातल्या मोठ्या कंपन्यांनी आपले पैशांचे खेळ थांबवले. प्रत्यक्ष टेबलाचे म्हणाल, तर महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. पणजीला मांडवीच्या पात्रात उभी असलेली दिव्यांची जहाजे सर्वांनी पाहिली आहेत. तिथे पोकरची टेबले असतात, आणि पेटीचे गणित तिथेही वर सांगितले तसेच चालते.

आमच्या मते 'कौशल्याचा खेळ' हे शब्द खोटे नव्हते. अपुरे होते. लाख डावांनंतर पोकर कौशल्याचा आहे. एका रात्रीच्या दोनशे डावांत तो जवळजवळ नशिबाचाच आहे. आणि जाहिरात पाहून खेळायला बसणारा मुलगा एका रात्रीसाठीच बसतो.

वर्गात पत्ते किंवा पैसे न आणता हे दाखवता येते. प्रत्येक विद्यार्थ्याला, किंवा जोडीला, एक कापडी पिशवी द्यावी. तिच्यात एकाच आकाराचे तेरा लाल आणि बारा पांढरे मणी असावेत. आत काय आहे ते सांगू नये. न बघता एक मणी काढायचा, रंग लिहायचा, मणी परत टाकायचा, पिशवी हलवायची. असे पन्नास वेळा. लाल मण्याला ५२ टक्के संधी आहे, म्हणजे ते आपले किंचित कौशल्य. मग प्रत्येकाने केवळ आपल्या नोंदीवरून लिहून द्यावे, की माझ्या पिशवीत कोणता रंग जास्त आहे. पन्नास पिशव्या असतील तर साधारण अठ्ठावीस जण 'लाल' म्हणतील, सतरा जण 'पांढरा' म्हणतील आणि पाचांची बरोबरी होईल. दर वर्गात हे आकडे थोडे हलतील, तेही मुलांना मोजू द्यावेत.

यानंतर सगळ्यांच्या नोंदी फळ्यावर एकत्र कराव्यात. आता २,५०० वेळा मणी काढल्यासारखे झाले. लाल मण्यांची अपेक्षित संख्या १,३००, प्रमाण विचलन २५, आणि निम्मी संख्या १,२५० त्यापासून बरोबर दोन विचलने दूर. चाळीस वर्गांतून एखादा सोडला, तर सर्वत्र बेरजेत लालच पुढे निघेल. मग पिशव्या उघडण्याआधी 'पांढरा' लिहिणाऱ्या सतरा जणांना उभे करून विचारावे, की मत बदलायचे आहे का. एखादा मुलगा म्हणेल, "सर, बाकीच्यांचे असेल तसे, पण माझ्या पिशवीत पांढरेच जास्त आहेत. मी स्वतः काढून पाहिले आहेत." त्याला लगेच गप्प करू नये. त्याच्या हातात पिशवी ठेवावी आणि आणखी किती वेळा मणी काढले म्हणजे त्याची खात्री पटेल, हा आकडा आधी त्याच्याकडूनच फळ्यावर लिहून घ्यावा.